पैज, पंच आणि राखणीचा कुत्रा

राहुरी तालुक्यात कामाचा कुत्रा शोधावा लागत नाही. मुळेच्या काठच्या मळ्यांत, उसाच्या फडाला लागून असलेल्या वस्त्यांवर, पीक निघालेल्या रानात उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर तो रात्रभर जागा असतो. पण या जागरणाची परीक्षा कुठे होत नाही. पैलवानाला आखाडा आहे, बैलांना घाट आहे, गाईच्या दुधाला प्रदर्शनात मापून बक्षीस आहे. कुत्र्याच्या वाट्याला फार तर कौतुक येते, आणि हल्ली त्याच्या जातीवरून ठरलेली किंमत. त्यामुळे कुत्र्याबरोबर स्पर्धेत उतरावे असे ज्या तरुणाला वाटते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा पिल्लू कोणते घ्यावे आणि कितीला घ्यावे हाच असतो. मला हा प्रश्न उलट्या टोकाने सुरू झालेला वाटतो. दख्खनमधल्या कुत्र्याचा इतिहास पाहिला, आणि जिथे हे खेळ रुजले तिथला इतिहास त्याच्याशेजारी ठेवून पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. चांगले कुत्रे सगळीकडेच होते. खेळ मात्र तिथेच उभा राहिला, जिथे कुत्र्याच्या कामाचे टप्पे कोणीतरी वेगळे काढले, प्रत्येकाला गुण ठरवले आणि तिऱ्हाइताला निवाडा करायला बसवले. नवशिक्यानेही सुरुवात तिथूनच करावी.

चढाओढ आपल्याला नवी नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या. त्यात पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली आसरा घेतो, ती लीळा शाळेच्या पुस्तकांमुळे अनेकांना ठाऊक आहे. शरण आलेल्याला मरण नाही, हा तिचा अर्थ मनावर ठसतो आणि तो ठसावाच. पण त्याच लीळेत इतिहासाच्या वाचकासाठी आणखी एक धागा आहे. ससा सोडावा म्हणून पारधी विनवतात तेव्हा ते कारण सांगतात, की हा ससा पैजेचा आहे आणि त्याच्यापायी सुऱ्या निघतील. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या मुलखात कुत्री सोडून पैज लावली जात होती आणि हरण्या-जिंकण्यावरून हाणामारीची वेळ येत होती. ससा कोणाच्या कुत्र्याने आधी वळवला, कोणाच्या कुत्र्याने धरला, हे ठरवायला दोन्ही बाजूंना मान्य असलेला माणूस असता, तर सुरीची भाषा कशाला आली असती? कुत्री होती, ईर्ष्या होती, बघणारेही असणार. त्या प्रसंगात नव्हता तो पंच.

शिकारी कुत्र्यांची ही परंपरा पुढे वेगाच्या अंगाने वाढली. लांब पायांचे, खोल छातीचे, नजरेने सावज टिपणारे कुत्रे दख्खनमध्ये कारवानी म्हणून ओळखले जातात. मुधोळच्या संस्थानाने त्यांना नाव आणि आश्रय दिला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोडी इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना भेट दिल्याची नोंद प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता; पुढे लष्करानेही या जातीची चाचणी घेतली. दक्षिण महाराष्ट्रातल्या जत्रांमधून श्वान शर्यती होतात, त्यांत हेच रक्त धावते. इंग्लंडची वाट काही काळ अशीच होती. जिवंत सशामागे दोन कुत्री सोडण्याची ‘वॉटर्लू कप’ ही तिथली मानाची स्पर्धा १८३६ ते २००५ चालली आणि कायद्यानेच थांबली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१९ मध्ये, अमेरिकेत ओवेन स्मिथ याने यंत्रावर धावणारा खोटा ससा मैदानात आणला आणि जीव न घेता वेग मोजता येतो हे दाखवले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यातल्या पुढच्या सुधारणांनंतर सशामागे कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र वेगापुरतीच चढाओढ राहिली, तर कुत्र्याच्या गुणांपैकी एकच गुण मोजला जातो. मालकाने त्याला काय शिकवले, त्याने मालकाचे किती ऐकले, याला शर्यतीत जागा नसते.

राहुरीच्या भूमीचा खरा कामाचा कुत्रा मात्र शिकारी नव्हे, तो धनगराचा राखणदार आहे. दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर पिढ्यानपिढ्या पठारावरून फिरत आले. पीक निघालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि पुढच्या शिवाराला लागायचे, असे हे अर्थकारण. संध्याकाळी वाघर लावून, म्हणजे जाळी उभी करून, मेंढ्या आत कोंडल्या, की कुत्र्यांचे काम सुरू होते. मेंढ्या हाकण्याचे काम इथे माणूसच करतो. शीळ, हाक आणि काठी त्याला पुरते. कुत्र्याने करायचे ते लांडग्याला दूर ठेवणे. त्याची जडणघडणही तशीच होते. पिल्लू कोकरांच्या उबेत वाढते, मेंढीची ढुशी खाते, वाड्यातल्या पोरांच्या पायात घोटाळते, आणि डोळे उघडल्यापासूनच्या या सहवासातून कळपाला आपले गोत मानू लागते. रात्री ते झोपते तेही कळपाच्या कडेला, वाऱ्याच्या दिशेला नाक करून. अमेरिकेतले रेमंड कॉपिंगर यांनी १९७०च्या दशकापासून अशा राखणीच्या कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास केला. नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे ही शिकारीची साखळी आहे. मेंढ्या वळवणाऱ्या कॉलीत तिचे पहिले दुवे तीव्र केलेले असतात आणि शेवटचे दाबलेले. राखणदारात मात्र मेंढीच्या बाबतीत ही साखळी जागीच होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे पळत्या मेंढीमागे न धावणे हाच आपल्या धनगरी कुत्र्याचा मोठा गुण आहे. नवशिक्याने हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण परदेशी चित्रफितींत दिसणारे मेंढ्या वळवण्याचे कसब या कुत्र्याकडून मागितले, तर त्याच्या पिढ्यांनी कमावलेलाच गुण आपण दोष ठरवू.

या कुत्र्याला आपण मान दिला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे; जेजुरीचा वाघ्या देवाचा कुत्रा म्हणवून घेण्यात धन्यता मानत आला. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवली जाते. पण मान आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानामुळे एक कुत्रा अजरामर होतो. मापामुळे त्याच्या कामाची जात टिकते. कोणत्या कुत्रीची पिल्ले लांडग्यापुढे उभी राहिली, कोणती भुंकून मागे सरली, कोणती कोकरांना दातावर घ्यायची, ही माहिती धनगराच्या स्मरणात असायची आणि पुढची पैदास त्यावर व्हायची. लिहिलेली नव्हती, तरी ती परीक्षाच होती. परीक्षक लांडगा होता.

हा परीक्षक आता राहुरीतून जवळजवळ उठून गेला आहे. बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर सव्वीस टीएमसी क्षमतेचे धरण उभे राहिले आणि सत्तरच्या दशकापासून कालव्यांनी तालुक्याचा नकाशा बदलला. माळराने बागायत झाली, साखर कारखान्याभोवती उसाचे फड दाटले, धनगरांच्या वाटा अरुंद झाल्या. माळावरचा लांडगा मागे सरला आणि उसात बिबट्या आला. या दोन शत्रूंत कुत्र्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. लांडग्याला दोन-तीन कुत्री मिळून हुसकावू शकतात. बिबट्याचे मात्र कुत्रा हे भक्ष्यच आहे. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहाराच्या वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे आज वस्तीवर बांधलेल्या किंवा मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याचे जगणे-मरणे त्याच्या कर्तबगारीवर ठरत नाही. तो गोठ्यात कोंडला होता की अंगणात होता, यावर ठरते. कामाने होणारी निवड संपली, की दोन पिढ्यांत कामाचे गुण पातळ होतात, आणि उरते ती रंगाची, उंचीची, किमतीची निवड. राहुरीत स्पर्धा हवी ती याच कारणासाठी. पुसट होत चाललेली परीक्षा माणसाने हाती घेण्याची ही वेळ आहे.

हे घडू शकते याचा पुरावा वेल्समध्ये आहे. बाला या गावी १८७३ मध्ये रिचर्ड लॉइड प्राइस या जमीनदाराने मेंढपाळांच्या कुत्र्यांची जाहीर परीक्षा भरवली. जिंकला तो वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश मेंढपाळाचा ‘ट्वीड’ नावाचा लहानसा कुत्रा. या स्पर्धेचे महत्त्व विजेत्यापेक्षा तिने घातलेल्या पायंड्यात आहे. १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय मेंढपाळ-कुत्रा संस्था स्थापन झाली, आणि मेंढपाळाचे रोजचे काम गुणपत्रिकेत आले. कुत्र्याने लांबून वळसा घालून कळपाच्या मागे जाणे, वीस गुण. मेंढ्या न बिथरवता जागच्या हलवणे, दहा. सरळ रेषेत मालकाकडे आणणे, वीस. ठरलेल्या फाटकांतून दूर हाकणे, तीस. सांगितलेली मेंढी कळपातून वेगळी काढणे, दहा. आणि वाड्यात घालणे, दहा. शंभर गुणांत मेंढपाळाचा सगळा दिवस आला. कुत्रा दिसतो कसा याला एकही गुण नाही. या संस्थेने ठेवलेली आणखी एक तरतूद आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. ज्या कुत्र्याची वंशावळ कागदावर नाही, पण ज्याने मैदानात काम करून दाखवले, त्याला गुणवत्तेवर नोंदवहीत जागा मिळू शकते. धनगरी कुत्र्याला वंशावळ नसते, काम असते. अशा कुत्र्यासाठी दार कसे उघडे ठेवायचे, याचे उदाहरण तयार आहे.

दुसरे उदाहरण जर्मनीचे, आणि ते राहुरीच्या परिस्थितीला अधिक जवळचे. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये जर्मन शेफर्डची संघटना काढली, तेव्हा तिथली मेंढपाळीही आटत चालली होती. काम संपले तर जात नुसती शोभेची होईल, हे ओळखून त्याने कुत्र्याला पोलिसांच्या आणि लष्कराच्या कामाकडे वळवले आणि पैदाशीला कामाच्या परीक्षेशी जोडले. त्यातून माग, आज्ञापालन आणि संरक्षण अशी तीन अंगांची स्पर्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आली. आज ती ‘आयजीपी’ या नावाने अनेक देशांत चालते. प्रत्येक अंगाला शंभर गुण. पहिल्या पायरीआधी एक साधी पात्रता परीक्षा असते, आणि तिच्यात चावण्याचा संबंध नाही. कुत्रा पट्ट्यासह आणि पट्ट्याविना मालकाच्या डाव्या पायाशी चालतो का, बसवले तिथे बसून राहतो का, गर्दीतून, सायकलवाल्याजवळून, दुसऱ्या कुत्र्याजवळून शांतपणे जातो का, एवढेच पाहतात. ही पायरी ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या खेळातले माग काढण्याचे अंग राहुरीच्या काळ्या रानासाठी घडवल्यासारखे आहे. पहिल्या पातळीवर मालक स्वतः शेतातून सुमारे तीनशे पावले चालतो, वाटेत दोनदा काटकोनात वळतो आणि लहान वस्तू टाकतो. वीस मिनिटे तशीच जाऊ देतात. मग कुत्र्याला लांब दोरीवर माग धरायला लावायचा आणि दहा मीटर मागून मुकाट चालायचे. नांगरट झालेल्या ओलसर मातीत पाऊल दबले, की चुरडलेल्या मुळ्यांचा आणि उलटलेल्या मातीचा वास माणसाच्या वासात मिसळतो; कुत्रा पावलागणिक नाक खाली ठेवून चालतो, वळणापाशी क्षणभर हरवतो, अर्धे वर्तुळ घेतो आणि पुन्हा धागा धरतो. वस्तू सापडली की तिच्यापुढे बसून किंवा पसरून ती दाखवतो. मालकाला इथे करण्यासारखे काहीच नसते, विश्वास ठेवण्यापलीकडे. एप्रिल-मेच्या उन्हात हा वास लवकर उडतो, म्हणून सराव पहाटेचा. लागते काय, तर एक दोरी, खाऊचे तुकडे आणि शेजाऱ्याची परवानगी असलेले रान. नाकाच्या या कसबाची किंमत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ने तीन टनांहून अधिक आरडीएक्स हुडकून दिले, त्याचे शिक्षण पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रातले. पोलिसांच्या देशपातळीवरच्या कर्तव्य मेळाव्यात अशा कुत्र्यांची स्पर्धाही होते. म्हणजे मोजून पाहण्याची पद्धत इथे आहे, ती फक्त वर्दीच्या आत राहिली आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जाणकारांचा असतो. ते म्हणतात, स्पर्धा सुरू झाली की लोक बक्षिसासाठी पैदास करतात आणि कामाचा कुत्रा बिघडतो. हा आक्षेप खोटा नाही. जर्मन शेफर्डच्याच एका शाखेची पाठ प्रदर्शनांच्या हौसेपायी उतरती होत गेली, हे सर्वांसमोर आहे. पण ते बिघडले कशाने? उभ्या कुत्र्याला, त्याच्या आकाराला गुण दिल्याने. ज्या मैदानात वळसा, माग, संयम यांना गुण होते, तिथे कॉली आजही मेंढपाळाच्या उपयोगाचा आहे. जे मोजाल ते वाढेल, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू होतो. म्हणून काय मोजायचे हे आधी ठरवा, असा माझा आग्रह आहे.

दुसरा आक्षेप दयेचा आणि कायद्याचा. प्राण्यांच्या स्पर्धा म्हणजे छळ, असे मानणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडे पुरावेही आहेत. बैलगाडा शर्यतीने हा प्रवास भोगला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. त्या निकालामागे शर्यतीसाठी घातलेल्या नियमांचा आधार होता, हे विसरता येत नाही. कुत्र्यांच्या खेळाने ही लढाई आधी हरून मग जिंकण्याची गरज नाही. जिवंत सावज नको, कुत्र्यांची झुंज नको, बिबट्यासमोर कुत्रा उभा करण्याचा विचारही नको, दुपारच्या उन्हात मैदान नको, मैदानावर पशुवैद्य हवा आणि रेबीजच्या लसीचा दाखला असल्याशिवाय प्रवेश नको. ही कलमे पहिल्या पानावर असतील, तर दयाळू माणूसही त्या मैदानात पंच म्हणून बसू शकेल.

तिसरा आक्षेप असा, की हा श्रीमंतांचा परदेशी षोक आहे, राहुरीच्या पोराने त्यात कशाला पडावे. बेल्जियन मॅलिनॉइसचे महागडे पिल्लू घेऊन सुरुवात केली, तर हा आक्षेप खराच ठरेल. पण नियम परक्यांनी आधी लिहिले म्हणून कसब परके होत नाही. उलट आपली स्थिती विचित्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दख्खनी मेंढीवर संशोधन चालवले, ‘फुले त्रिवेणी’सारखी संकरित गाय घडवली, दूध, वजन, लोकर यांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त या तालुक्यात १९६८ पासून, विद्यापीठाच्या स्थापनेपासून, रुजलेली आहे. मेंढीची वही आहे, तिच्या राखणदाराची नाही. राष्ट्रीय पातळीवर मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई यांची देशी जाती म्हणून नोंद झाली, अलीकडे हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याचीही झाली. ती झाली कारण कोणीतरी गावोगाव फिरून कुत्री मोजली, त्यांचे वागणे लिहून काढले. धनगरी कुत्र्याचे काम कोणत्या कसोटीवर पारखायचे, हे सांगू शकणारी माणसे राहुरीच्या शिवारात दरवर्षी तळ टाकतात. त्यांना विचारले पाहिजे, आणि मैदान भरेल तेव्हा पंचाची खुर्चीही त्यांच्यातल्या जाणत्यांनाच दिली पाहिजे.

तेव्हा नवशिक्याने घरच्या किंवा वाड्यावरून मिळालेल्या कुत्र्यापासून सुरुवात करावी. तो कोणत्या कामासाठी जन्मला हे ओळखावे. कारवानी रक्ताला धाव द्यावी, राखणदाराला संयमाची कसोटी द्यावी, आणि नाक तर सगळ्यांनाच आहे, म्हणून माग सगळ्यांनाच द्यावा. पहिले सहा-आठ महिने बोलावले की येणे, सांगितले की थांबणे आणि कोंबडी-शेळीकडे न वळणे एवढ्यावर घालवावेत. सोबतीला आणखी चार-पाच जण जमले, की कुत्र्यांच्या आधी कागद मांडावा. राखणीच्या कुत्र्यासाठी तो असा असू शकेल: कळपातून जाताना मेंढी न बिथरवणे, पडद्याआडच्या परक्या माणसाची चाहूल वेळेत देणे, मालकाने शब्द टाकताच भुंकणे थांबवणे, कोकराजवळ ठेवलेल्या भाकरीला मालकाच्या परवानगीशिवाय तोंड न लावणे. प्रत्येकाला पंचवीस गुण, तीन पंच, त्यांतला एक धनगर, एक पशुवैद्य आणि एक बाहेरगावचा. निकाल लिहून ठेवावा आणि पुढच्या वर्षी त्याच कुत्रीच्या पिल्लांच्या निकालाशी ताडून पाहावा. पाच वर्षे हे चालले, तर राखणीच्या कुत्र्याची पहिली नोंदवही या तालुक्याकडे असेल, आणि कुठले पिल्लू घ्यावे या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. ते वहीत वाचता येईल.